येणारे : एक

२९ डिसेंबर १९६८, रविवार

आज पुन्हा तो तक्ता लिहिला.

दरसाल डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी बैठक संपली की हिरालालजी एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवतात. म्हणतात, "बहनजी, आपका अक्षर सुन्दर है." नगरपालिकेच्या शाळेत वीस वर्षं चौथीला शिकवते आहे, अक्षर सुंदर नसून सांगते कोणाला! आमच्या मित्रमंडळीची वर्षाची मोजदाद त्या कागदावर लिहून वरच्या मंडळीला पाठवायची असते. सभासद : सहा. येणारे : एक.

तो एक म्हणजे मी, लीला रामटेके.

या मंडळीला क्वेकर म्हणतात, ते स्वतःला मित्र म्हणवतात आणि आमच्या मोहल्ल्यातली पोरं म्हणतात गुंगा गिरजा, मुक्यांचं चर्च. दर रविवारी नऊ वाजता हिरालालजींच्या घरामागच्या कौलारू खोलीत दरी, म्हणजे सतरंजी, अंथरून तासभर गप्प बसायचं. मूर्ती नाही, क्रॉस नाही, पाद्री नाही. कोणाला आतून फारच वाटलं तर उठून दोन वाक्यं बोलावीत, नाहीतर नाही. तास संपला की सगळे एकमेकांशी हात मिळवतात.

सत्तावन्न साली आमचे हे, माझ्या लेकीचे, साधनाचे बाबा, भरवेलीच्या खाणीतून छातीचं दुखणं घेऊन घरी आले. हिरालालजी दवाखान्यातून रिटायर झालेले कंपाउंडर, घरून औषध देत. ते न्यायला मी गेले तर मागच्या खोलीत पाचसात माणसं गप्प बसलेली. मला वाटलं, औषधाची रांग. मीही बसले. तास झाला तरी कोणाचा नंबर लागेना. कंपाउंडर माझ्याच शेजारी डोळे मिटून बसला आहे, हे मागाहून कळलं. शेवटी सगळे उठले आणि एका म्हाताऱ्याने माझा हात हातात घेऊन हलवला. तोवर आमच्या जातीच्या बाईचा हात असा कोणी धरला नव्हता. साधनाचे बाबा त्याच वर्षी गेले. मी मात्र पुढच्या रविवारी परत गेले.

त्याच्या आदल्या वर्षीच आम्ही सगळ्यांनी नागपूरला दीक्षा घेतली होती. आता कोणापुढे वाकायचं नाही असं ठरवून आले होते. या खोलीत वाकायला कोणी नव्हतंच.

आता खोलीची किल्ली माझ्याकडे असते. झाडते मी, दरी झटकते मी, माठ मी भरते आणि सगळे त्यातलं पाणी पितात. हे लिहिताना अजूनही बरं वाटतं. पण तक्ता लिहायला बसले की कळतं, मी आत आलेच नाही. अकरा वर्षं ओट्यावरच आहे.

आज 'एक' लिहिताना शाई सांडली. खोटं कशाला लिहू, सांडवली. हिरालालजींनी दुसरा कागद दिला. त्यावरही एकच लिहिलं.

५ जानेवारी १९६९, रविवार

ठरलं. पुन्हा विचारणार.

पुन्हा, कारण एकदा विचारून झालं आहे. एकोणसाठच्या मार्चमध्ये. हिरालालजी इथले लेखनिक, सभेचं पुस्तक त्यांच्याकडे. ते म्हणाले, सभेपुढे ठेवतो. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी यांची कामकाजाची सभा असते. हात वर करून मतं घेत नाहीत. सगळ्यांना पटेपर्यंत बसून राहतात, एकालाही पटलं नाही तर पुढच्या महिन्यात पुन्हा बसतात.

सभा झाली आणि आठ दिवसांनी भरदुपारी विमलाबाई घरी आल्या. मंडळीतल्या त्या सगळ्यांत जुन्या, तीन पिढ्यांच्या ख्रिस्ती, बालवाडीच्या बाई. बोलणं पुस्तकातल्यासारखं स्वच्छ. मी चहा केला. सासूबाई समोर बसून लाखोळीची डाळ निवडत होत्या, तेव्हा त्यांना दिसत होतं. त्यांना आल्यागेल्याला गाव विचारायची सवय आहे. म्हणाल्या, "कोन्या गावची होय वं तू? तोंडवळा तं आमच्या चिचटोल्याचा दिसते." चिचटोला हे सासूबाईंचं माहेर. विमलाबाईंनी अर्धा कप खाली ठेवला, पदर सावरला आणि उठून चालत्या झाल्या. एक शब्द बोलल्या नाहीत.

त्या अर्ध्या चहावर साय धरली. मला कळायचं ते कळलं. नकार सांगायला पाठवलं होतं, तोंडाने सांगवेना म्हणून कपाने सांगितला. आमच्या घरचा चहा बाईच्या घशाखाली उतरला नाही.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम गेले. त्यांना वाटलं असेल, गेली पीडा. म्हटलं, जात नाही. त्यांनी विषय काढला नाही आणि मीही काढला नाही. मी काय म्हणून काढू?

साधना कॉलेजात जाते, तिला मराठीपेक्षा हिंदी बरी येते. हे सगळं ऐकून म्हणाली, "आई, चुप बैठने के लिए इतना झगड़ा?" तिला म्हटलं, तू तुझं भूगोलाचं पुस्तक काढ.

१२ जानेवारी, रविवार

अर्ज दिला. तीन ओळी. 'मी अकरा वर्षं येते आहे. मला सभासद करून घ्यावं. नसेल करायचं तर तोंडाने सांगावं, कपाने नको.' तिसरी ओळ साधनाने खोडायला लावली, म्हणून दोनच ओळी.

हिरालालजींनी वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "आख़िर आपका उत्तर आ ही गया." डोळ्यांतून पाणी. मोतीबिंदू आहे, पाणी येतंच. पण उत्तर कसलं? प्रश्न माझा आहे. म्हातारा टोमणे मारायला कधीपासून लागला कोण जाणे.

सभेत काय झालं ते हिरालालजींनी मागाहून सांगितलं. विमलाबाई म्हणाल्या की फार वर्षं झाली, जुन्यातले दोघे वारले, तेव्हा आता रीतीप्रमाणे नव्याने भेट घ्यावी. रीत अशी की दोघांनी अर्जदाराच्या घरी जाऊन बोलायचं. हिरालालजी आणि विमलाबाई येणार असं ठरलं. लगेच बाई म्हणाल्या, घरी नको, इथेच खोलीत भेटू.

घरी नको म्हणे. बरोबर आहे, घरी चहा घ्यावा लागतो.

१ फेब्रुवारी, शनिवार

भेट झाली. रात्रीपर्यंत विसरेन म्हणून घरी आल्याआल्या लिहून ठेवते.

विमलाबाई ताठ बसल्या होत्या. विचारलं, "लीला, प्रभू येशूला तू तारणारा मानतेस का?"

मी म्हटलं, "चांगला मानूस होता. गरिबायच्या बाजूनं बोलला अन् मार खाल्ला. पन त्याच्या पाया पड म्हनान तं नाई पडनार. मी कोनाच्याच पाया पडत नाई."

"आणि ती दीक्षा?"

"ते तं हायेच. ते नाई सोडत."

"मग आमच्यात येतेस काहून?" बाई म्हणाल्या आणि स्वतःच दचकल्या. लगेच दुरुस्त केलं, "का येतेस?" चिडल्या की त्यांच्या तोंडून असा एखादा शब्द निसटतो, मग त्या इकडेतिकडे बघतात.

"येऊन तं राह्यली अकरा वर्सं," मी म्हटलं. "आता राहू द्या म्हनते."

हिरालालजी हसले. विमलाबाई नाही हसल्या. त्या माझ्या हाताकडे बघत होत्या, बांगड्यांकडे की गोंदणाकडे ते कळलं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

ज्याचा अर्ज असेल त्याने सभेच्या वेळी बाहेर जायचं असतं. लिंबाखाली बसले. पाऊण तासाने हिरालालजी बाहेर आले. "एक बहन के मन में अड़चन है." नाव सांगत नाहीत. खोलीत बहिणी किती आहेत ते मला मोजता येतं.

अडचण अशी की सरकारचा नवा कायदा आला आहे. कोणी कोणाचा धर्म बदलवला तर कलेक्टरला कळवायचं. लोक म्हणतील, मौनवाले बाया बाटवतात. माझ्या अंगाचा भडका उडाला. म्हटलं, मला बाटवणारा अजून जन्माला यायचा आहे.

खरं तर मी अशी चिडते का, हेही स्वतःला विचारलं पाहिजे. पुस्तकात एक ओळ चढली नाही तर काय अडतं? बसायला कोणी अडवलेलं नाही. पाणी माझ्याच माठातलं पितात. पण गावकुसाबाहेर जन्मलेल्या बाईला 'बसायला मिळतं ना' असं कोणी ऐकवू नये. मीही स्वतःला ऐकवू नये.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज झाडलं नाही. किल्ली हिरालालजींच्या हातात दिली आणि सांगितलं, सभासदांनी झाडावं. येणारे येतात आणि बसतात.

२ मार्च, रविवार

तिसरा रविवार. दरीवर पाय ठेवला की धूळ उडते. पोस्टातल्या खेमराजजींना शिंका येत होत्या, त्यांच्या बायकोला माझ्याकडे बघून हसू येत होतं. कोणी काही बोललं नाही. या लोकांना बोलायला लावायचं म्हणजे मोठं काम आहे.

आज लवकर गेले होते तर हिरालालजी वाकून झाडत होते. मोतीबिंदूने दिसत नाही, कचरा एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेत होते. हातातला झाडू हिसकावून घेतला. संप मोडला, पण त्यांच्यासाठी मोडला, सभेसाठी नाही.

९ मार्च, रविवार

पुन्हा नाही. पुन्हा तीच बहीण. लिंबाची पानं मोजून झाली.

१२ मार्च, बुधवार

भोजराज आला होता. माझा धाकटा भाऊ, मोहल्ल्याच्या विहाराचा सेक्रेटरी. सायकल भिंतीला आपटून आत आला.

"बाई, लोकं मले इचारून राह्यले, तुही बहीन किरिस्ताव होऊन राह्यली का? मी का सांगू?"

"सांग, बसून राह्यली."

"मस्करी नको करू. डोक्यावर पानी टाकतीन तुह्या!"

"टाकलं तं पुसून घेईन. पन ते टाकत नाईत."

"मंग काहून जातं? आपला धम्म पुरत नाई का तुले?"

हा प्रश्न मात्र लागला. मी म्हटलं, पुरतो. धम्माने मला मान वर करायला शिकवलं, आणि मान वर ठेवून गप्प बसता येईल अशी एक जागा मला सापडली. दोन्ही माझं आहे. त्याला पटलं नाही. मलाही ते पुरतं सांगता आलं नाही. भोजराज म्हणाला, असं असेल तर गुरुवारी विहारात पोरांना शिकवायला येऊ नको.

"येईन," मी म्हटलं. "तू दार लाव, मी ओट्यावर शिकवीन. ओट्यावर बसाची मले सवय हाये."

१३ मार्च, गुरुवार

विहाराचं दार उघडं होतं. भोजराज आत बसून हजेरीपट चाळत होता, वर बघितलं नाही. बावीस पोरं आली.

२३ मार्च, रविवार

सभेच्या जुन्या पुस्तकाला वाळवी लागली. हिरालालजींनी ते कापडात बांधून माझ्याकडे दिलं, नव्या वहीत उतरवून द्या म्हणाले. आजवर सभासदांखेरीज कोणी ते उघडलं नव्हतं. म्हटलं, मी येणारी आहे, मला चालेल का? ते म्हणाले, "पढ़िए. मेरी आँखों से तो अब पढ़ा नहीं जाता."

लिहायचं असलं की लीला. बरं.

२४ मार्च, सोमवार

आज पुस्तक उतरवायला घेतलं.

८ मार्च १९५९चं पान. कडा वाळवीने खाल्ल्या, मधलं शाबूत आहे. हिरालालजींचं अक्षर. "बहन लीला रामटेके की सदस्यता की इच्छा पर विचार हुआ. सब सहमत. सभा सहर्ष स्वीकार करती है. बहन विमला घर जाकर सूचना देंगी. उत्तर आते ही नाम चढ़ाया जाए."

सब सहमत. सहर्ष.

पुढे जानेवारी १९६० : "लीला बहन के उत्तर की प्रतीक्षा है." जानेवारी एकसष्ट : "प्रतीक्षा है." बासष्ट, त्रेसष्ट, दरसाल तीच ओळ, अडुसष्टपर्यंत. नऊ वेळा. आणि हे लिहिणारा माणूस दर रविवारी माझ्यापासून हातभर अंतरावर बसलेला! विचारायचं तरी एकदा, की बाई, तुमचं काय ठरलं? पण नाही. यांच्यात कोणाला ढकलत नाहीत. ज्याचं त्याला आतून यावं म्हणतात. म्हणून नऊ वर्षं वाट बघितली आणि वाट बघतो आहोत अशी नोंद केली.

आणि मी नऊ वर्षं नाक वर करून बसले. मला वाटलं, हे मला बाहेर ठेवतात. त्यांना वाटलं, ही आत येत नाही.

मी रडले. लिहून ठेवते, कारण मी क्वचित रडते. सासूबाईंनी विचारलं, का झालं वं. म्हटलं, काही नाही, कांदा चिरते आहे. आता डोळ्यांनी दिसत नसलं तरी त्यांना कांद्याचा वास येतो. 

मग राग आला. सब सहमत म्हणजे विमलाबाईसुद्धा सहमत. मग घरी येऊन त्यांना काय झालं? दुसरं काय होणार. मंडळीत बसून 'बहन लीला' म्हणणं सोपं असतं. आमची खाट पाहिली, सासूबाईंचं लुगडं पाहिलं आणि जात आठवली.

तेरा एप्रिलच्या सभेपर्यंत कोणाला काही सांगत नाही. गप्प बसणं मलाही येतं.

१३ एप्रिल, रविवार

सगळं आठवेल तसं लिहिते.

सकाळी भोजराज सायकल घेऊन फाटकाशी उभा. म्हटलं, इकडे कुठे? म्हणे, "पानी टाकते का ते पाहाले आलो. टाकलं तं मी आत येईन, सांगून ठेवतो." म्हटलं, उभा राहा.

बैठक झाली. मग सभा. हिरालालजी म्हणाले, "बहनजी, रीत के अनुसार आप थोड़ी देर बाहर..."

"नाई जात," मी म्हटलं. "धा वर्सं बाहेरच बसली." आणि उभी राहून आठ मार्च एकोणसाठचं पान वाचलं. मग प्रतीक्षेच्या नऊ ओळी, साल सांगून, एकेक. चौथीच्या वर्गात वाचते तशी, मागच्या पोरालाही ऐकू जाईल अशी. वाचून विचारलं, मला सांगायला कोण येणार होतं?

हिरालालजींनी चष्मा काढला. "आपको... बताया नहीं गया?" आणि ते विमलाबाईंकडे बघत राहिले.

अकरा वर्षांत इतकी गप्प झालेली खोली मी पाहिली नाही. बाहेर भोजराजने कंटाळून दोनदा सायकलची घंटी वाजवली, तेवढाच आवाज.  मग विमलाबाई भिंतीला धरून उठल्या.

"मी गेले होते. सांगितलं नाही. दोष माझा आहे. त्या घराचा नाही, चहाचाही नाही."

"मंग काहून नाई सांगतलं?" मी विचारलं.

त्यांनी पदर सावरला.  खाली बसून म्हणाल्या, "मी आता आड येत नाही."

हिरालालजींनी नोंद लिहायला घेतली आणि आजची तारीख घातली. मी म्हटलं, आजची नाही. आठ मार्च एकोणसाठ घाला. खेमराजजी म्हणाले, ऐसा तो होता नहीं. हिरालालजींनी त्यांच्याकडे बघितलं. "भाई, नौ साल कोई चुप रहे, ऐसा भी तो नहीं होता." आणि आजची तारीख खोडून जुनी घातली. नोंद सभेत वाचून दाखवली. सगळे हो म्हणाले. विमलाबाईही.

मग हात मिळवणं. विमलाबाईंचा हात गार होता. मी धरला, पण दाबला नाही. माफ केलेलं नाही आणि केल्याचं सोंगही आणणार नाही.

फाटकाशी भोजराज. "टाकलं का पानी?"

"नाई."

"मंग दीड घंटा केलं का तुमी?"

"बसलो."

त्याने माझ्या डोक्यावरचे केस हाताने चाचपून पाहिले. कोरडे होते.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. पांढरं लुगडं नेसून मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे चालले. दोघीतिघी कुजबुजल्या. भोजराज मागून आला आणि पंचशील झेंडा माझ्या हातात देऊन गेला. काठी जड असते ती. शेवटपर्यंत खाली ठेवली नाही.

१७ एप्रिल, गुरुवार

हिरालालजींना नव्या कायद्याची काळजी. सरळ माणूस, म्हणाले, लपवल्यासारखं नको, आपण होऊन कळवू. म्हटलं, तुम्ही कशाला, मीच जाते. शाळा सुटल्यावर कलेक्टर कचेरीत गेले. बाबूने पानदान बाजूला सारून फॉर्म काढला.

"पहले क्या थीं?"

"बौद्ध."

"और अब?"

"बौद्ध."

त्याने टाक खाली ठेवला. "तो बहनजी, बदला क्या?"

"पहले आती थी," मी म्हटलं. "अब हूँ."

 त्याने फॉर्म उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला की याच्यासाठी रकाना नाही. म्हटलं, मग काढू नका. मी निघाले.

२० एप्रिल, रविवार

बैठकीनंतर तक्त्यांच्या जुन्या नकला मागून घेतल्या. एकोणसाठपासून अडुसष्टपर्यंत दहा कागद, सगळे माझ्याच अक्षरातले. दहाही ठिकाणी येणारे : एक खोडलं, शून्य केलं, आणि सभासदांच्या आकड्यात एक वाढवला. खाली सही केली. खोडलेलं मुद्दाम वाचता येईल असं ठेवलं.

हे एवढंच लिहून वही मिटणार होते. पण दुपारी दाराशी विमलाबाई उभ्या.

"येऊ का?"

नाही म्हणायचं तोंडावर आलं होतं. पण उन्हातून चालत आल्या होत्या, वय पासष्टच्या पुढे. म्हटलं, या. चहा ठेवला. केवळ रीत म्हणून ठेवला.

सासूबाई खाटेवर होत्या. त्यांनी आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. "कोन आलं वं?"

"मी. विमला."

"कोन्या गावची होय?"

तोच प्रश्न. मी चुलीपाशी तशीच थांबले. वाटलं, आता उठून जाईल. विमलाबाई उभ्याच होत्या. दाराकडे बघितलं. मग सासूबाईंच्या शेजारी खाटेवर बसल्या.

"चिचटोल्याची," त्या म्हणाल्या. "माही आजी चिचटोल्याची होय. भागरता. महारवाड्यातली."

ते पुस्तकातलं मराठी गेलं होतं. सासूबाई बोलतात तसंच बोलणं.

सासूबाईंनी हात पुढे करून त्यांचं तोंड चाचपलं. कपाळ, गाल, हनुवटी. "भागरताची नात! मी म्हनत नोती, तोंडवळा वळखीचा दिसते? मोठ्या दुकाळात धा-बारा वर्साचं पोरगं घेऊन मिशनवाल्यायसंगं गेली ते. लहान होती मी. मंग आलीच नाई. तिची माय रोज वाट पाहे."

विमलाबाई माझ्याकडे वळल्या. "तुले सांगालेच आलती मी, लीला. सगळे हौ म्हनले, हेच सांगाले. अन् ह्यायनं गाव इचारलं. मले वाटलं, आता सगळ्यायले मालूम होते. घरी सांगत, कोनाले बोलू नको. साठ वर्सं नाई बोलली. तू मंडळीत आली का हे घर येनार, हे बाई येनार, मंग माही आजी येनार. म्हनून आड आली."

मी चुलीपुढे बसून राहिले. इतकी वर्षं मला वाटत होतं, हिला आमच्या घराची किळस आली. हिला आमचं घर ओळखीचं वाटलं होतं. दहा वर्षं मी त्या अर्ध्या कपावर राग पोसला. मी दीक्षा घेऊन मान वर केली आणि ही त्याच वाड्याची बाई माझ्या समोर बसून मान लपवत होती, हे मला दिसलं नाही. मी बघितलंच नाही. मला माझाच अपमान पुरत होता.

चहा उतू गेला. उरला तेवढा गाळून दिला. विमलाबाईंनी कप दोन्ही हातांत धरला आणि पूर्ण प्याला. मी न विचारता दुसरा ओतला. सासूबाईंनी त्यांचा पदर मुठीत धरून ठेवला होता, पुन्हा उठून जाईल म्हणून. मग आम्ही तिघी गप्प बसलो. किती वेळ ते मोजलं नाही.

जाताना दारात विमलाबाईंनी हात पुढे केला. मी धरला, आणि या वेळी दाबला.